झटका चेतापेशीचा, गफलत कुणाची?

मालेगावात यंत्रमागांच्या गल्लीत एखाद्या पोराला फिट आली, की पहिली धावाधाव होते ती कांद्यासाठी. कुणी कांदा बुक्कीने फोडून नाकाशी धरतं, कुणी पायातली चप्पल काढून हुंगवतं. दोन-तीन मिनिटांत हातपाय सैल पडतात, श्वास संथ होतो आणि श्रेय कांद्याला जातं. पुढे पोराला नाशिकला किंवा मुंबईला नेलं, की डॉक्टर समजावतात : कांद्याने काही होत नाही, मेंदूतल्या चेतापेशी एकाच वेळी भडकतात, म्हणून झटका येतो. हे स्पष्टीकरण कांद्याहून कितीतरी खरं आहे. पण ते अर्धं आहे, आणि या अर्ध्यावरच समाधान मानण्याची सवय आता महागात पडू लागली आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं. बालपणातला अपस्मार, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता अशा मेंदूच्या वाढीच्या विकारांत चेतापेशींची जी अतिसक्रियता दिसते, ती पुष्कळदा दोषाचा शेवटचा टप्पा असते. दोषाची सुरुवात, किंवा निदान तिचा मोठा वाटा, चेतापेशींच्या भोवती असणाऱ्या आणि आपण ‘आधारपेशी’ म्हणून बाजूला सारलेल्या ग्लिया पेशींमध्ये असतो. ‘मेंदू म्हणजे चेतापेशींचं जाळं’ ही शाळेपासून मनात बसलेली समजूत त्यामुळे उथळ ठरते. आधी ही समजूत आली कुठून ते पाहू, मग ग्लिया पेशी चेतापेशींना आवरतात कशा ते, आणि शेवटी पुरावा व आक्षेप.

१. नावातच झालेला अन्याय

जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो याने १८५६ साली या पेशींच्या पसाऱ्याला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. ग्लिया म्हणजे डिंक, चिकटा. चेतापेशींना जागेवर धरून ठेवणारा लगदा, एवढीच त्याची कल्पना होती. १९०६चं नोबेल पारितोषिक गॉल्जी आणि काहाल यांना मिळालं, चेतापेशी हे मेंदूचं एकक ठरलं आणि पुढचं शतक तिच्या नावावर लागलं.

याला एक साधं कारण होतं. चेतापेशी विजेचा ठोका देते आणि तारेच्या टोकाने तो मोजता येतो. १९२९ साली हान्स बर्गरने माणसाच्या मेंदूचा आलेख प्रसिद्ध केला, तोही विजेचाच. ग्लिया पेशी असे ठोके देत नाहीत, म्हणून त्या मुक्या ठरल्या. खरं तर बहिरं होतं आपलं यंत्र. ग्लिया पेशींमध्ये कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि एका पेशीतून दुसरीत जातात, हे दिसायला १९९० साल उजाडावं लागलं.

संख्येबद्दलही अशीच दंतकथा रूढ होती : एका चेतापेशीमागे दहा ग्लिया. २००९ साली ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी प्रत्यक्ष मोजदाद केली, तेव्हा माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आणि जवळजवळ तेवढ्याच इतर पेशी निघाल्या. म्हणजे ग्लियांची बाजू मांडायला बहुमताचा आधार नाही. ती मांडायची तर त्यांच्या कामावरूनच मांडावी लागेल.

इथे मालेगावकराला एक गोष्ट सांगावी लागत नाही. मागावर ताण्याचे धागे पटापट तुटू लागले, तर जाणता कारागीर धोट्याला शिव्या देत बसत नाही. सायझिंगमध्ये सुताला खळ नीट चढली होती का, हे तो आधी विचारतो. दोष दिसतो मागावर, झालेला असतो दुसरीकडे. मेंदूबद्दल मात्र आपण शंभर वर्षं धोट्यालाच धरून बसलो. अर्थात ही तुलना इथवरच चालते. सायझिंग विणण्याच्या आधी संपतं. ग्लिया पेशी मात्र विणकाम चालू असताना, प्रत्येक फेकीगणिक, सूत सांभाळत असतात.

२. गलका आवरण्याची तीन कामं

पहिलं काम ग्लुटामेट उचलण्याचं. एक चेतापेशी दुसरीला चेतवते ती मुख्यतः ग्लुटामेट नावाच्या रेणूने. चेतासंधीच्या फटीत तो सांडतो, पलीकडची पेशी जागी होते. पण तो तिथेच राहिला तर ती पेशी जागीच राहील, आणि शेजारच्याही जाग्या होतील. म्हणून पेशीबाहेरचं त्याचं प्रमाण आतल्यापेक्षा हजारो पटींनी कमी ठेवावं लागतं. हे काम बहुतांशी तारकापेशी करतात; ताऱ्यासारख्या आकाराच्या म्हणून हे नाव, शास्त्रीय भाषेत ॲस्ट्रोसाइट. त्या ग्लुटामेट आत ओढतात, त्याचं निरुपद्रवी ग्लुटामिन करतात आणि पुन्हा वापरायला चेतापेशीला परत देतात. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी उंदरांमधली ही ओढून घेणारी मुख्य यंत्रणाच काढून टाकली. त्या उंदरांना आपोआप झटके येऊ लागले आणि झटक्यांतच ते मेले. दोष सांडपाणी उपसण्याच्या यंत्रणेत होता. भडकल्या त्या चेतापेशी.

दुसरं काम पोटॅशियमचं. प्रत्येक ठोक्यासरशी चेतापेशीतून थोडं पोटॅशियम बाहेर पडतं. बाहेर ते एरवी लिटरमागे तीनेक मिलिमोल असतं, झटक्यात दहा-बारापर्यंत चढतं. बाहेरचं पोटॅशियम जितकं वाढतं, तितकी आजूबाजूची प्रत्येक चेतापेशी ठोका द्यायला अधिक उतावीळ होते. म्हणजे आगीतून निघालेली उष्णताच शेजारचं घर पेटवते. तारकापेशी हे पोटॅशियम शोषतात आणि दूर, रक्तवाहिन्यांच्या बाजूला नेऊन पांगवतात. या कामातली एक वाहिनी बनवणाऱ्या जनुकात चूक असेल तर काय होतं, हे २००९ साली माणसांमध्येच दिसलं : तान्हेपणी झटके, तोल जाणं, बहिरेपणा आणि मूत्रपिंडातून क्षारांची गळती. मेंदूपासून मूत्रपिंडापर्यंत पसरलेल्या या लक्षणांच्या मागे ही एकच वाहिनी होती.

तिसरं काम सूक्ष्म ग्लियांचं. स्पॅनिश शास्त्रज्ञ रिओ-ओर्तेगा याने १९१९ साली त्यांना ओळख दिली, पण मेंदूचे सफाई कामगार याहून मोठा मान त्यांना बराच काळ मिळाला नाही. २०२० साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी उंदरांत दाखवलं, की चेतापेशी फार जोरात काम करू लागली की तिच्यातून बाहेर पडणाऱ्या ऊर्जारेणूंचा माग काढत सूक्ष्म ग्लिया तिथे पोचतात, आणि त्या रेणूंपासून ॲडेनोसिन तयार होण्याच्या साखळीत मोक्याची कडी बनतात. ॲडेनोसिन चेतापेशीला शांत करतं. सूक्ष्म ग्लिया काढून टाकलेल्या उंदरांमध्ये साध्या उत्तेजनालाही झटक्याचं उग्र उत्तर मिळालं.

तिन्ही कामांत एक धागा समान आहे. चेतापेशी किती जोरात बोलेल हे तिच्या एकटीच्या हाती नसतं. बोलल्यानंतरचा पसारा किती लवकर आवरला जातो, यावर पुढचा आवाज ठरतो. अतिसक्रियता म्हणजे नेहमीच जास्त बोलणं नव्हे; कित्येकदा ते न आवरलेलं बोलणं असतं.

३. मुंबईत सापडलेला पुरावा

उंदरांवरून माणसाबद्दल बोलू नये, हे ठीकच. पण माणसातला सगळ्यात बोलका पुरावा आपल्या मुंबईतच नोंदला गेला, आणि त्याची चर्चा मराठीत जवळजवळ झालेलीच नाही.

बॉम्बे हॉस्पिटलचे मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. भीमसेन सिंघल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात काही मुलांची नोंद केली. पहिल्या वर्षातच त्यांची डोकी वेगाने वाढत होती. चालायला थोडा उशीर होई, पुढे हळूहळू तोल ढळू लागे, पाय ताठर होत, आणि बहुतेकांना फिट्स येत. डोक्याला किरकोळ मार लागला तरी झटका येई. मेंदूचा एमआरआय काढला तर पांढरा भाग फुगलेला आणि कानशिलांजवळ पाण्याच्या पोकळ्या. चित्र इतकं भयंकर, की समोर बसलेलं चालतं-बोलतं मूल त्याच चित्रातलं आहे यावर विश्वास बसू नये. यातली बरीच मुलं अगरवाल समाजातल्या कुटुंबांतली होती. १९९६ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास, १९९५ साली, नेदरलँड्समध्ये मार्यो व्हान डर क्नाप यांनी हाच आजार वर्णन केला होता. त्याचं आजचं सुटसुटीत नाव एमएलसी.

२००१ साली त्याचं जनुक सापडलं. भारतातल्या या कुटुंबांमध्ये बहुतेकांत एकच चूक निघाली : जनुकाच्या अक्षरमालेत एका ठिकाणी ‘सी’ हे अक्षर जास्तीचं. कधीकाळी एका पूर्वजात झालेली ती चूक समाजांतर्गत विवाहांमुळे पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. आई-वडील दोघे वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका चारात एक.

आता मुद्द्याची गोष्ट. हे जनुक ज्या प्रथिनाची कृती सांगतं, ते मेंदूत मुख्यतः तारकापेशींत असतं, तेही त्यांच्या रक्तवाहिन्यांना बिलगलेल्या पायांशी. म्हणजे पाणी आणि क्षारांची ने-आण होते त्याच वेशीवर. २०१८ साली ॲमस्टरडॅमच्या गटाने या आजाराचे उंदीर तपासले. त्यांना आपोआप झटके येत होते, झटका सुरू व्हायचा उंबरठा खाली आला होता आणि मेंदूतल्या पोटॅशियमचा हिशेब बिघडलेला होता. मुलाला फिट येते तेव्हा आलेखावर चेतापेशींचा धुमाकूळ दिसतो. चूक मात्र शेजारणीच्या जनुकात लिहिलेली असते.

या साखळीतली एकही कडी तर्काने जोडलेली नाही. लक्षणं मुंबईच्या दवाखान्यात नोंदली गेली, जनुक सापडलं, त्याची पेशी सापडली आणि बिघाडाची रीतही सापडली. यानंतरही ग्लियांना ‘आधारपेशी’ म्हणून विषय संपवणं हा आळस आहे.

४. बिघाड घडणीतला

इथवर आपण चालू मेंदूची देखभाल पाहिली. वाढीच्या विकारांत याहून खोल प्रश्न असतो तो घडणीचा. बाळाच्या मेंदूत चेतासंधी आधी भरमसाट तयार होतात, मग त्यांतले पुष्कळ छाटले जातात. जोडण्यात आणि छाटण्यात, दोन्हींत ग्लियांचा हात असतो. तारकापेशींनी सोडलेली काही प्रथिनं मिळाली नाहीत तर चेतापेशी फारच थोडे चेतासंधी जोडतात, हे प्रयोगशाळेत पाहिलेलं आहे. आणि नको असलेले चेतासंधी सूक्ष्म ग्लिया अक्षरशः गिळतात. छाटणी कमी झाली तर गर्दी राहते, वाजवीपेक्षा जास्त झाली तर वाटाच तुटतात. दोन्हीकडून मेंदूचा तोल जातो.

फ्रॅजाइल एक्स हे बौद्धिक अक्षमतेचं एक प्रमुख आनुवंशिक कारण. त्याचं जनुक १९९१ सालीच सापडलं आणि सगळ्यांनी ते चेतापेशीत शोधलं. २०१० साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात एक सोपा पण हुशार प्रयोग झाला. निरोगी उंदराच्या चेतापेशी आजारी उंदराच्या तारकापेशींवर वाढवल्या. त्यांच्या फांद्या बिघडल्या. उलट, आजारी चेतापेशी निरोगी तारकापेशींवर वाढवल्या. त्यांची वाढ बरीच सुधारली. बी तेच, माती बदलली.

रेट सिंड्रोममध्ये मुली वर्ष-दीड वर्ष नीट वाढतात आणि मग शिकलेलं एकेक हरवत जातात. पुष्कळींना झटकेही येतात. त्याचं जनुक १९९९ साली सापडलं. २०११ साली असं दिसलं, की रेटच्या उंदरांमध्ये हे जनुक फक्त तारकापेशींत पुन्हा चालू केलं, तरी हालचाल आणि श्वास सुधारतो आणि आयुष्य लांबतं. चेतापेशींना हातही न लावता.

ट्यूबरस स्क्लेरोसिस या तिसऱ्या विकारात झटके आणि स्वमग्नता वारंवार जोडीने येतात. त्याचं एक जनुक उंदरांच्या फक्त ग्लिया पेशींत बंद केलं तरी झटके येतात, हे २००२ सालीच दिसलं होतं.

५. चार आक्षेप

‘ग्लिया बिघडतात, पण चेतापेशी बिघडल्यामुळे.’ काही आजारांत हे खरं आहे. झटके येत राहिले की तारकापेशी सुजतात, त्यांचं रूप पालटतं, आणि कारण-परिणामाचा गुंता होतो. पण चूकच जिथे ग्लियांच्या जनुकात आहे, तिथे हा युक्तिवाद टिकत नाही. एमएलसी हे त्याचं उत्तर आहे. तारकापेशींच्या सांगाड्यातल्या प्रथिनाचं जनुक बिघडल्याने होणारा अलेक्झांडर आजार हे दुसरं. त्याचं कारण २००१ साली कळलं आणि त्यातही बाळांना झटके येतात.

‘ग्लियांवरची संशोधनं पुन्हा केल्यावर टिकत नाहीत.’ एक उदाहरण तर प्रसिद्धच आहे. अस्थिमज्जा बदलून सूक्ष्म ग्लियांची जागा भरली की रेटचे उंदीर सुधारतात, असा दावा २०१२ साली झाला. २०१५ साली अनेक प्रयोगशाळांनी तो पुन्हा करून पाहिला आणि तो उभा राहिला नाही. हे लपवू नये. पण त्यातून एवढंच ठरतं, की रेटमध्ये सूक्ष्म ग्लिया बदलणं हा उपाय नाही. तारकापेशींचा पुरावा त्याने पुसला जात नाही. आणि या फूटपट्टीने मोजायचं तर चेतापेशींचा सिद्धान्तही नापास होईल : फ्रॅजाइल एक्समध्ये चेतासंधीवरच्या एका ग्राहीवर नेम धरलेली औषधं उंदरांत चमकली आणि माणसांवरच्या चाचण्यांत पडली.

‘मग औषध कुठे आहे?’ हा सगळ्यात रास्त आक्षेप. ग्लियांना नीट करणारं सरळ औषध आज दुकानात मिळत नाही. ट्यूबरस स्क्लेरोसिसमधले झटके एव्हेरोलिमस या गोळीने कमी होतात, हे २०१६ सालच्या चाचणीत दिसलं. पण ती गोळी ग्लिया आणि चेतापेशी दोघांवर काम करते, तेव्हा श्रेय वाटून द्यावं लागेल. मात्र हाच प्रश्न उलटूनही विचारायला हवा. अपस्मारावर आज डझनावारी औषधं आहेत, त्यांतली बहुतेक चेतापेशीला आवरणारी. तरीही साधारण तीनातल्या एका रुग्णाच्या फिट्स थांबत नाहीत. एकाच दाराची इतकी कुलपं बदलूनही चोर येत असेल, तर तो दुसऱ्या दाराने येत असावा, असा संशय घेणं शहाणपणाचं नाही का?

‘जिथे साधी गोळी नियमित मिळत नाही, तिथे ग्लियांचं काय कौतुक?’ मालेगावात बसून लिहिणाऱ्याला हा आक्षेप सगळ्यात जास्त बोचतो. औषधोपचार नीट मिळाले तर अपस्माराचे सुमारे ७० टक्के रुग्ण झटक्यांविना जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेव्हा आज ज्याची गोळी बंद पडली आहे त्याला गोळीच हवी, लेख नको. पण उरलेल्या तीस टक्क्यांच्या आई-बापांना आपण काय सांगतो? ‘औषध लागू पडत नाही’ एवढंच. पडत का नाही, हा प्रश्न विचारण्याचा हक्क मुंबई-पुण्याच्या पालकांचा आणि मालेगावच्या पालकांना फक्त गोळी, अशी वाटणी मला मान्य नाही.

६. मग बदलायचं काय?

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत, जिच्या पाच ठिकाणांत उत्तर गोवाही होतं, दोन ते नऊ वर्षांच्या जवळपास दर आठांतल्या एका मुलाला मेंदूच्या वाढीचा किंवा श्रवणाचा काही ना काही विकार आढळला. हा प्रश्न दुर्मिळांचा नाही. विचार बदलला तर तीन गोष्टी बदलायला हव्यात.

पहिली, पाहण्याची. बाळाच्या डोक्याचा घेर टेपने मोजायला मिनिटही लागत नाही. वजनाच्या तक्त्याइतक्याच नेमाने त्याची नोंद झाली, तर वेगाने वाढणारं डोकं झटका येण्याआधी नजरेत येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून मुलांची तपासणी करतो आहे; घेराचा आकडा तिथे नुसता रकाना भरण्यापुरता राहू नये.

दुसरी, विचारण्याची. एमएलसीने एक धडा दिला : एकाच समाजात, एकाच गोतात लग्नं होत राहिली की एका पूर्वजाची चूक नातवंडांत दुहेरी होऊन भेटते. हे एका समाजापुरतं नाही. मामाच्या मुलीशी लग्न लावणारे मराठी कुळांतही आहेत, चुलत-मावस नात्यांत सोयरीक करणारे इथल्या विणकर मोहल्ल्यांतही. कुणाला नावं न ठेवता, एका घरात दोन मुलांना तोच त्रास दिसला की जनुकीय सल्ला मागायला हवा. ‘घराण्याचा दोष’ म्हणून सुनेला माहेरी धाडण्यापेक्षा दोघांचं रक्त तपासणं बरं. अशा आजारात दोष दोन्हीकडून अर्धा-अर्धा येतो, हे विज्ञानाचं साधं गणित आहे.

तिसरी, शिकवण्याची. पाठ्यपुस्तकातल्या चेतापेशीच्या एकट्या, ऐटदार आकृतीभोवती तारकापेशी आणि सूक्ष्म ग्लियाही काढा. आकृतीत जे नसतं, त्यावर पुढे कुणी संशोधन करत नाही.

आता पुन्हा त्या गल्लीत. पोराला फिट आलेली असेल तर त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा. बहुतेक वेळा ती आपोआप थांबते, आणि हे ‘आपोआप’ म्हणजे काय ते आता थोडंफार कळलं आहे. सांडलेलं ग्लुटामेट उचललं जातं, साचलेलं पोटॅशियम उपसलं जातं, झटक्यातच वाढलेलं ॲडेनोसिन गलका बसवायला हातभार लावतं. त्या दोन-तीन मिनिटांत जे राबले, त्यांत ग्लियांचा वाटा मोठा होता. गल्ली श्रेय देते कांद्याला, आपण शिकलेले लोक खापर फोडतो चेतापेशीवर. दोघांचीही नजर चुकली ती एकाच ठिकाणी.